बेजायाचा चौकोन

भावजींनी बेजाया उडवलं ते गुरुवारी संध्याकाळी, जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीच्या बसमधून उतरून घरी आल्यावर, चहा पिता पिता. मला कळलं शुक्रवारी सकाळी, ग्रुपवर रात्री आलेली फायनल पीडीएफ आणि तिच्याखाली उमटलेले अंगठे पाहिले तेव्हा.

बेजाया हे अल्जेरियाच्या किनाऱ्यावरचं बंदर. ते आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये कसं आलं आणि एका केमिकल इंजिनिअरने ते का उडवलं, हे सांगायचं तर आधी रविवारच्या वर्गाबद्दल सांगायला हवं.

मरीन परेडच्या एका कॉन्डोत, तळमजल्यावरच्या फंक्शन रूममध्ये, नोकरीसाठी या देशात आलेली काही मराठी कुटुंबं मिळून मुलांसाठी हा वर्ग चालवतात. मुलं आठवडाभर इंग्रजीत जगतात, आईबापांच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देतात, आणि रविवारी दोन तास त्यांना बाराखडी आणि पाढ्यांच्या ताब्यात दिलं जातं. वर्गाची सगळी सूत्रं काकांकडे. काका बँकेतून निवृत्त झालेले, त्याच कॉन्डोत राहतात, आणि त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. मी इथे विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आले, ताई-भावजींकडे राहायला लागले, आणि भाचीला वर्गाला सोडता सोडता वर्गाची झाले.

या वर्षी काकांनी गणिताचं प्रदर्शन करायचं ठरवलं. पाढ्यांचं पॅनल, रांगोळीतल्या भूमितीचं पॅनल, पंचांगाचं पॅनल. एक शून्याचं.

“तू पुण्यात पत्रकं लिहायचीस म्हणे,” काका मला म्हणाले.

“लिहायचे.”

“मग शून्य तुझं. पण पत्रकासारखं नको. पॅनलसारखं लिही.”

“फरक काय?”

“पत्रक वाचून माणूस चिडतो. पॅनल वाचून त्याने भजी खायला जायचं असतं.”

मी हो म्हटलं, कारण शून्याबद्दल माझ्या मनात राग साठलेला होता. तो शून्यावर नव्हता, शून्याच्या फॉरवर्डांवर होता. शून्य आम्ही दिलं, जगाने घेतलं, आभारसुद्धा मानले नाहीत. हा मजकूर दर सणाला फोनवर येतो, कधी तिरंग्यासकट, कधी कमळासकट. त्यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. तिसरं साफ खोटं आहे. आणि मधल्या वाक्यात कुणी घेतलं, कुणाच्या हातून घेतलं, वाटेत ते कुणी सांभाळलं, याबद्दल चकार शब्द नाही. कॉलेजच्या गेटवर उभं राहून पत्रकं वाटताना मी एक गोष्ट शिकले होते: ज्या वाक्यात करणाऱ्या माणसाचा पत्ता नसतो, तिथे कुणीतरी काहीतरी लपवत असतं. म्हणून मी आभार मानणारा माणूस शोधून काढला.

तो पिसाचा होता. पिसा म्हणजे ते कलत्या मनोऱ्याचं गाव, पण तेव्हा ते व्यापाऱ्यांचं होतं, आणि मनोरा अजून बांधून व्हायचा होता. या मुलाचे वडील बेजायाच्या जकात कचेरीत पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम पाहायचे. पोरगं गावात उनाडण्यापेक्षा इथे येऊन काही उपयोगाचं शिकेल, असा विचार करून त्यांनी त्याला समुद्रापलीकडे बोलावून घेतलं आणि हिशेब शिकायला बसवलं. युरोपात तेव्हा रोमन आकडे चालायचे. त्या आकड्यांत गुणाकार करून पाहा, मग मी काय म्हणते ते कळेल. लोक पाटावर खडे सरकवून उत्तर काढायचे आणि मग ते रोमन अक्षरांत लिहायचे. लिहिणं वेगळं, मोजणं वेगळं. बेजायात त्या मुलाने पाहिलं की नऊ आकडे आणि एक रिकामं चिन्ह एवढ्यावर कुठलीही संख्या लिहिता येते, आणि जिथे लिहिली तिथेच तिचा गुणाकारही होतो.

पुढे तो इजिप्त, सीरिया, सिसिली असा फिरला, जाईल तिथे तिथली गणितं शिकला, आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीला घरी परतून त्याने एक जाडजूड पुस्तक लिहिलं. सशांच्या जोड्या दर महिन्याला किती होतील हे त्यातलं एक छोटंसं कोडं. आज जगाला तेवढंच आठवतं. बाकीचं पुस्तक मिरी, कापड, नाणी, भागीदारी यांचं आहे. ते वाचून आणि त्याच्या छोट्या नकला वाचून इटलीतल्या गावागावांत हिशेबाचे वर्ग निघाले. तिथे व्यापाऱ्यांची पोरं लॅटिन सोडून आपल्या रोजच्या बोलीत गणित शिकायची. हे वाचताना मला रविवारचा वर्ग आठवला आणि हसू आलं. नवे आकडे सगळ्यांना लगेच पटले नाहीत. शून्याला शेपटी काढली की त्याचा सहा होतो, फसवणूक सोपी, म्हणून काही ठिकाणी हिशेबात ते वापरायला बंदी होती. पण गणित झटपट होत होतं, आणि व्यापाऱ्याला झटपट गोष्ट फार दिवस नाकारता येत नाही. पुस्तक लिहिणाऱ्या या माणसाला तर युरोपातल्या एका सम्राटाने बोलावून कोडी घातली. म्हातारपणी त्याच्या शहराने त्याला मानधन लावून दिलं. तो कधी गेला ते कुणाला नीट माहीत नाही. आज तो ज्या नावाने प्रसिद्ध आहे ते तर त्याच्या मागे कित्येक शतकांनी चिकटवलेलं आहे, म्हणून मी पॅनलवर ते वापरलं नाही. मी लिहिलं: पिसाचा मुलगा.

आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलंय की हे नऊ आकडे हिंदुस्थानातल्या लोकांचे. आभार नाही तर काय म्हणतात याला?

तर माझ्या पॅनलवर तीन चौकोन होते. भारत, बेजाया, पिसा. मधल्या चौकोनात मराठी आणि इंग्रजीत लिहिलं होतं: इथल्या एका अरब शिक्षकाकडून पिसाचा मुलगा भारतीय आकडे शिकला.

आमच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करणारी मैत्रीण अल्जेरियाची आहे, एवढंच मला ठाऊक होतं. हे सगळं वाचत असताना एकदा आम्ही दोघी हॉकर सेंटरमध्ये जेवत होतो.

“काय वाचतेस एवढं?” तिने विचारलं.

“एक जुना इटालियन गणिती. वडील बुगिया नावाच्या बंदरात नोकरीला होते.”

तिने चमचा खाली ठेवला. “बुगिया म्हणजे बेजाया. म्हणजे आम्ही. आत्ता फोन लावला तर माझी आई तिथून उचलेल.”

“तुला हा माणूस माहीत आहे?”

“आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. गावाबाहेर कुणालाच नाही. फ्रेंच लोक आमच्याकडून मेण न्यायचे, म्हणून त्यांनी मेणबत्तीला आमच्या गावाचं नाव दिलं. उपकार फिटले.” तिने पुन्हा चमचा उचलला. “इथे आल्यापासून पासपोर्ट सोडून कुठेही मी माझ्या गावाचं नाव छापलेलं पाहिलं नाही. तुमच्या पोस्टरवर असेल?”

“मधल्या चौकोनात.”

“मग मी येणार. फोटो काढून आईला पाठवणार.”

तिने त्याच संध्याकाळी आईला सांगूनही टाकलं. त्यानंतर रोज लॅबमध्ये विचारायची, रविवार तोच ना, ट्रेनने कुठल्या स्टेशनला उतरायचं, येताना काय आणू.

आणि शुक्रवारी सकाळी मी ती पीडीएफ उघडली. दोनच चौकोन होते. भारतातून निघालेला जाड केशरी बाण अरबस्तान, इजिप्त, अख्खा भूमध्य समुद्र यांच्या डोक्यावरून जाऊन सरळ पिसात उतरला होता.

भावजी बूट घालत होते. पॅनलची मांडणी त्यांच्याकडे होती, कारण वर्गात चौकोन आणि बाण सर्वांत चांगले तेच काढतात. रिफायनरीत त्यांचं कामच ते.

“भावजी, मधला चौकोन कुठे गेला?”

“कुठला?”

“बेजाया.”

“तो होय. तीन बसत नव्हते गं. अक्षरं बारीक होत होती.”

“म्हणून गाव काढलं?”

“पण तिथे प्रोसेस काहीच नव्हती ना,” ते नाडी बांधत शांतपणे म्हणाले. “भारतात तयार झालं, पिसात वापरलं. मधे नुसती साठवण. अशी टाकी असली तर आम्ही लाइन बायपास करतो.”

ताई डबा भरता भरता म्हणाली, “वा. तेराव्या शतकात थेट फ्लाइट. आम्हाला अजून कोल्हापूरला दोनदा विमान बदलावं लागतं.”

पुण्यात कुणी माझं वाक्य कापलं तर कुणी कापलं आणि का कापलं हे मला नेमकं माहीत असायचं. तावातावाने भांडता यायचं. इथे एका सज्जन माणसाने अक्षरं मोठी दिसावीत म्हणून एक बंदर बुजवलं होतं. मी त्यांना मैत्रिणीचं सांगितलं. ते बूट घालायचे थांबले. “अरेच्चा. टाकतो की परत. बसमध्येच करतो. फक्त काकांना विचार, त्यांनी फाइल छापायला दिली असेल.”

मी काकांना फोन केला.

“काका, पॅनलमध्ये चूक झालीय. मधला चौकोन परत टाकायचाय.”

“पाहिलं मी. खरं सांगू का, आता बरं वाटतंय. सुटसुटीत.”

“सुटसुटीत आहे, पण खोटं आहे.”

“खोटं नाही गं. थोडक्यात आहे.”

“काका, थोडक्यात सांगताना माणसं गळली की ते खोटंच होतं.”

काका त्यांच्या त्या न चढणाऱ्या आवाजात म्हणाले, “हे बघ. अरब शिक्षक असं लिहिलं की एक जण विचारणार, हे आपल्या मुलांच्या कार्यक्रमात कशाला. दुसरा त्याला काहीतरी ऐकवणार. मग ग्रुपवर सुरू. आपण सगळी इथे सरकारी पासवर, परवानगीने राहणारी माणसं. इतकी वर्षं हा वर्ग मी भांडणाशिवाय चालवलाय. यंदा राहू दे.”

“भांडण नको म्हणून एक माणूस पुसायचा?”

“पुसत नाही. राहू दे म्हणतोय.”

“ज्यांनी आपलं श्रेय दिलं नाही म्हणून आपण फॉरवर्ड पाठवतो ना, तेही असंच म्हणाले असतील. यंदा राहू दे.”

“बाळा, हरकत असेल तर आज रात्री दहापर्यंत कळवा, असं काल लिहिलं होतं मी. अंगठे आले सगळ्यांचे. फाइल गेली.”

आमच्या ग्रुपचा हा कायदा आहे. मुदतीत जो बोलला नाही त्याची संमती धरतात. काल रात्री दहापर्यंत मी लॅबमध्ये होते आणि फोन लॉकरमध्ये होता. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन उगाचच दोन भांडी आदळली. ताईने ती परत जागेवर ठेवली.

मैत्रिणीला मी काहीच कळवलं नाही. दोनदा मेसेज लिहिला. “तो चौकोन नाहीये, येऊ नकोस” हे वाक्य कसंही लिहिलं तरी तिला आमच्या दारातून परत पाठवल्यासारखं वाटत होतं.

रविवारी फंक्शन रूममध्ये खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या आणि पॅनलं उभी केली होती. कोपऱ्यात भजी, चटणी, आणि कुणीतरी आणलेला बबल टीचा खोका. भाची हातच्याच्या टेबलावर होती. तिथे पाहुण्याला दोन मोठ्या संख्या द्यायच्या, त्याने त्या पाटीवर मांडून बेरीज करायची, आणि हातचा मनात न ठेवता खरोखर हातात, बोटांच्या पेरांवर अंगठा टेकवून धरायचा. ही कल्पना माझी. पिसाच्या मुलाच्या पुस्तकात हेच पुन्हा पुन्हा येतं: वरचे दहा हातात धरून ठेवा. बोटं कशी वाकवायची तेही तो शिकवतो. वाचताना मी चाट पडले होते. आपण प्रत्येकाने दुसरी-तिसरीत “हातचा एक” म्हटलेलं असतं, आणि त्यात हात का आला हे कधी कुणी विचारलेलं नसतं. भाची एका काकूंना तिच्या इथल्या इंग्रजीत शिकवत होती. “नो, नो, काकू, यू मस्ट होल्ड, ला. सोडलं की गॉन.”

मैत्रीण आली ती पाइनॅपल टार्टचा डबा घेऊन. काका दारातच होते. पाहुणा दिसला की काकांचा चेहरा उजळतो. तो त्यांचा स्वभावच आहे. त्यांनी डबा घेतला, तिच्या हातात प्लेट दिली, भज्यांत काय काय आहे ते सांगितलं आणि विचारलं, “तुम्ही कुठल्या?”

“अल्जेरिया. बेजाया,” ती म्हणाली. “माझं गाव तुमच्या पोस्टरवर आहे म्हणून आले. आई फोटोची वाट पाहतेय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. मला बोलता आलं असतं, पण मी मुद्दाम बोलले नाही. शुक्रवारी फोनवर मी जे सांगत होते ते आता त्यांच्यासमोर हातात प्लेट घेऊन उभं होतं.

ते स्वतः तिला शून्याच्या पॅनलपाशी घेऊन गेले. तिने इंग्रजी मजकूर सावकाश वाचला. मग बोट बाणावर ठेवून भारतापासून सरकवत पिसापर्यंत नेलं. मग परत.

“कुठे आहे?” तिने विचारलं.

काकांनी बाणाच्या मध्याच्या थोडं खाली, रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. “इथे. म्हणजे, इथून गेलं.”

“वरून गेलं,” ती म्हणाली. ती हसत होती, पण प्लेट तिने टेबलावर ठेवली.

भावजी मागून खाकरले. “जागा कमी पडली. चूक माझी आहे. मला वाटलं, तिथे काही होत नव्हतं.”

“आमच्या गावाबद्दल सगळ्यांना तसंच वाटतं,” ती म्हणाली. हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, टोमणा नव्हता त्यात. काकांचा चेहरा मात्र उतरला. माझ्या कुठल्याही वाक्याने तो इतका उतरला नसता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही थोडा राग आला. गोष्ट खरी आहे एवढं कारण शुक्रवारी पुरलं नव्हतं. पाहुणी नाराज झाली, हे लगेच पुरलं.

काकांनी मुलांच्या चित्रकलेच्या वहीतला एक कागद फाडला आणि स्केचपेनसकट माझ्यासमोर धरला. “लिही. मोठ्या अक्षरांत, दोन्ही भाषांत.”

मी खाली बसून माझं मूळ वाक्य लिहिलं. इथल्या एका अरब शिक्षकाकडून पिसाचा मुलगा भारतीय आकडे शिकला. इंग्रजी ओळ पुरी होते न होते तोच ती माझ्या खांद्यावरून म्हणाली, “अरब कशावरून?”

“म्हणजे?”

“तेव्हा बेजायात अरब होते, आम्ही होतो, ज्यू होते, स्पेनमधून आलेले होते. माझ्या घरात आजही अरबी बोलत नाहीत, आम्ही अमाझिग आहोत, अरबांच्या आधीपासूनचे तिथले लोक. तो शिक्षक कोण होता, तुला माहीत आहे?”

“नाही.”

“त्या मुलाने लिहिलंय?”

मी आठवून पाहिलं, खरं तर आठवायची गरज नव्हती. “शिकवणं अद्भुत होतं असं लिहिलंय. कुणी शिकवलं ते नाही.”

“मग तुझ्या मुलानेही एक चौकोन उडवलाच की,” ती म्हणाली.

तीन दिवस मी भावजींवर आणि काकांवर चिडून होते. पिसाच्या मुलावर चिडायची माझी तयारीच नव्हती. आभार मानणारा माणूस म्हणून मीच त्याला पॅनलवर चढवलं होतं. आणि त्याने आभार मानले ते एका अख्ख्या देशाचे, कधी न पाहिलेल्या लोकांचे. ते सोपं असतं. समोर बसून ज्याने त्याची बोटं वाकवून दाखवली त्याचं नाव लिहायला त्या जाडजूड पुस्तकात जागा नव्हती. आणि मी त्या रिकाम्या जागेत, एकदाही न विचारता, मला सोयीचा माणूस बसवला होता.

मी अरब हा शब्द खोडला. मग खाडाखोड बरी दिसेना म्हणून दुसरा कागद घेतला.

“बघ,” काका वाकून म्हणाले, “मी म्हणत होतोच, तो शब्द नको.”

“तुम्ही भांडण नको म्हणून म्हणत होता. मी मला माहीत नाही म्हणून काढतेय.”

“पण निघाला ना?”

“निघाला.”

“मग झालं.”

“नाही झालं. खाली आणखी एक ओळ येणार आहे.”

“आता कुठली?”

मी लिहून दाखवली. शिक्षकाचं नाव नोंदवलेलं नाही.

काकांनी ती दोनदा वाचली. “हे वाचून मुलं विचारणार, का नाही नोंदवलं.”

“विचारू देत.”

“आणि मी काय सांगू?”

“माहीत नाही म्हणून सांगा.”

त्यांनी मान हलवली. ती हो होती की नाही ते कळलं नाही, पण कागदाची वरची दोन टोकं त्यांनीच पॅनलवर दाबून धरली आणि भावजींनी टेप लावली. कागद थोडा तिरका बसला. बाणाचा मधला भाग त्याखाली झाकला गेला. मैत्रीण दोन पावलं मागे सरकली आणि तिने फोटो काढला, मग काकांना शेजारी उभं करून आणखी एक. बेजायात तेव्हा दुपार असावी, कारण उत्तर लगेच आलं. तो व्हॉइस मेसेज ऐकून ती हसली.

“काय म्हणतेय आई?” मी विचारलं.

“विचारतेय, हे कुणी लिहिलं. अक्षर वाईट आहे म्हणते.”

“माझं नाव सांग.”

तिने टाइप करायला सुरुवात केली. “टेप मी लावलीय,” भावजी मागून म्हणाले, “तेही कळवा.”